पिटबुलवर बंदी आहे की नाही? आणि बंदी आली तर चावे थांबतील का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या सात वर्षांच्या मुलीचा चेंडू शेजारच्या बंगल्याच्या गेटखालून आत घरंगळला. गेट आणि फरशी यांच्यामध्ये वीतभर फट. तिनं पालथं पडून हात आत घातला आणि आतल्या कुत्र्यानं तो मनगटापाशी धरला. तिचे वडील ड्यूटीवर होते, म्हणून तिच्या आईबरोबर मी सिव्हिल हॉस्पिटलला गेलो. रिक्षात ती माउली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती, "दादा, ते पिटबुल नव्हतं ना?"

नव्हतं. लॅब्राडोर होता. पोरांचा लाडका, मवाळ म्हणून जगभर नाव असलेला.

तिचा तो प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही कुत्र्याचा विषय निघाला की बोलणं दोन मिनिटांत पिटबुल आणि रॉटवायलरवर येतं. कोणी म्हणतं सरकारनं बंदी घातली आहे, कोणी म्हणतं कोर्टानं उठवली. दोघांचंही अर्धंच खरं आहे. पण मुळात बंदी कशावर होती, कुत्र्याची जात म्हणजे काय आणि चावा कशामुळं होतो, हे समजून घेतलं नाही तर आपली भीती चुकीच्या कुत्र्यामागं धावत राहील.

आधी झालं काय?

१२ मार्च २०२४ ला केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानं सगळ्या राज्यांना एक परिपत्रक पाठवलं. त्यात २३ जातींची नावं होती. या जातींची कुत्री माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, पाळायला परवाना देऊ नका आणि जी आधीच घरात आहेत त्यांची नसबंदी करा, असा त्याचा मतलब. यामागं दिल्ली उच्च न्यायालयात गेलेलं एक प्रकरण होतं. त्या न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राला तीन महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं होतं.

परिपत्रक आल्यावर आठवडाभरातच, १९ मार्चला, कर्नाटक उच्च न्यायालयानं त्याला राज्यापुरती स्थगिती दिली आणि १० एप्रिल २०२४ ला ते रद्दच केलं. कारण साधं होतं. ज्यांच्याशी बोलून ठरवायला हवं होतं, त्यांच्याशी सरकार बोललंच नव्हतं. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियालाही विचारलं नव्हतं. रीतसर सल्लामसलत करून सरकारला पुन्हा निर्णय घेता येईल, ती वाट न्यायालयानं मोकळी ठेवली.

म्हणजे ही कुत्री निर्धोक आहेत, असा निकाल कोणी दिलेला नाही. निकाल पद्धतीवर होता. हा फरक आपल्याकडे बोलताना हटकून निसटतो. 'कोर्टानं पिटबुलला सोडलं' म्हणणारेही चुकतात आणि 'बंदी आहेच' म्हणणारेही.

ती यादी मी नीट वाचली. तिच्यात पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो आर्जेंटिनो आहेत. पण नुसतं 'टेरियर्स' असंही लिहिलं आहे. टेरियर हा कुत्र्यांचा एक मोठा गोतावळा आहे, त्यात मांडीवर मावणारा यॉर्कशायर टेरियरही येतो. जपानचा तोसा दोन वेगळ्या नावांनी दोनदा आला आहे. आणि पोलिसांकडे, लष्कराकडे हल्ल्यासाठी शिकवला जाणारा जर्मन शेफर्ड यादीत नाही, डोबरमनही नाही. माणसांच्या जिवाचा प्रश्न असताना यादी इतकी ढिसाळ असू नये, असं मला मनापासून वाटतं.

जात म्हणजे काय?

हे समजायला आपल्याकडचा बैल पुरेसा आहे. रायबाग, अथणीकडच्या शेतकऱ्याला विचारा, खिलार कसा? तो सांगेल, चपळ, काटक आणि तापट. हा तापटपणा वंशातून येतो, यात शंका नाही. चपळ बैल हवा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चपळ वळू निवडले गेले. पण चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत बैल घ्यायला गेलेला माणूस 'खिलार आहे' एवढं ऐकून पैसे मोजत नाही. तो बैलाच्या अंगावर हात फिरवतो, मागच्या पायापाशी उभा राहून बघतो, कोणाच्या दावणीचा आहे ते विचारतो. वंश बघतो आणि वळणही बघतो.

कुत्र्यांच्या जाती अशाच कामासाठी घडवल्या गेल्या. जर्मनीतल्या रॉटवाइल गावचे खाटीक गुरं हाकायला जे दणकट कुत्रं वापरत, ते रॉटवायलर. तुर्कस्तानचा कांगाल आणि बाल्कन डोंगरातला शार्प्लानिनाक हे मेंढरांचे राखणदार. दोघेही त्या २३ च्या यादीत आहेत. त्यांचं काम आपल्याला अनोळखी नाही. सुगी झाली की धनगर आपल्या रानात मेंढरं बसवायला येतात, तेव्हा वाघराभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती, रात्रभर फिरणारं कुत्रं आठवा. दिवसा ते घोड्याच्या सावलीत पडलेलं असतं, पोरं शेपटी ओढतात. रात्री अनोळखी पाऊल वाजलं की तेच कुत्रं अंगावर येतं. लांडग्याशी गाठ असलेल्या कुत्र्यानं तसं नसावं असं कोण म्हणेल?

पिटबुलची गोष्ट जास्त कडवट आहे. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ चालायचा. बैलाचं नाक धरायचं आणि काही झालं तरी सोडायचं नाही, हे त्या कुत्र्याचं काम. १८३५ मध्ये कायद्यानं तो खेळ बंद झाला. मग लोक खड्ड्यात कुत्र्यांच्याच झुंजी लावू लागले. त्या खड्ड्याला इंग्रजीत पिट म्हणतात. बुलडॉगचा दम आणि टेरियरची चपळाई एकत्र करून जे कुत्रं तयार झालं, ते पिटबुल टेरियर. पकडलं की न सोडणं हे त्याच्या अंगात माणसानं घातलं आहे.

आणि घरचं उदाहरण. बेळगावला लागूनच बागलकोट जिल्हा, त्यातलं मुधोळ. तिथल्या घोरपडे संस्थानातल्या मालोजीराजांनी जी शिकारी जात जोपासली, तिला जग मुधोळ हाउंड म्हणतं. आपल्याकडे कारवानी म्हणतात, झुपकेदार केसांचं असलं तर पश्मी. राजांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला त्याची जोडी भेट दिली होती. २००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं आणि पुढं लष्करानंही ही जात घेतली. पळणारं काही दिसलं की हे कुत्रं झेपावतं, मग ससा असो की शेजाऱ्याची कोंबडी. म्हणून त्याला कोणी क्रूर ठरवत नाही, कोंबड्या डालून ठेवतात आणि कुत्र्याला पट्टा लावतात.

मग स्वभाव जातीतूनच येतो का?

थोडा येतो. किती, हे मोजायचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या, २ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि २०२२ मध्ये निष्कर्ष आला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो. बाकीचा वाटा त्या एकेका कुत्र्याचा, त्याच्या आईबापांचा, वयाचा, वाढीचा.

त्यातला वाढीचा भाग आपल्या हातात असतो. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून ते बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत जे बघतं, हुंगतं, ऐकतं, ते त्याला पुढं आपलं वाटतं. या काळात त्याला लहान मुलं, म्हातारी माणसं, छत्री, हेल्मेट, कुकरची शिट्टी, गणपतीतला ढोल यांची ओळख झाली पाहिजे. याला मी माणसाळवणं म्हणेन. येळ्ळूरच्या एका आजोबांनी हेच मला एका वाक्यात सांगितलं होतं, "त्याला माणूस दाखिवलाच न्हाई, मग त्यानं माणूस वळखायचा कसा?"

आता उलटं बघा. पैदास करणारा पिल्लाला अंधाऱ्या खोलीत वाढवतो, महिन्याभराचं झालं की बास्केटमध्ये घालून विकतो. २०१७ च्या नियमांप्रमाणं पैदास करणाऱ्यानं नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण घेणारे आपण हे विचारतो का? आपण विचारतो, "प्युअर आहे ना?"

"पण पिटबुलनं माणसं मारली आहेत, त्याचं काय?"

मारली आहेत. २०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध बाईंचा त्यांच्याच घरच्या पिटबुलच्या हल्ल्यात जीव गेला. हा आक्षेप 'सगळी कुत्री सारखीच' म्हणून उडवून लावणारे प्राणिप्रेमी मला पटत नाहीत. त्यांच्या या उत्तरानं विश्वास उडतो.

इथं दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक, कुत्रं चावण्याची शक्यता किती. दुसरी, चावलंच तर इजा किती. ते ९ टक्के पहिल्या गोष्टीशी जवळचे आहेत. दुसरी गोष्ट कुत्र्याच्या वजनावर, जबड्यावर आणि पकडून ठेवण्याच्या खोडीवर ठरते, आणि त्यात जातीचा वाटा मोठा आहे. पामेरियन चिडकं असतं, सारखं चावतं, पण त्यानं माणूस मेल्याचं आपण ऐकत नाही. पन्नास किलोचं कुत्रं आयुष्यात एकदाच चावलं तरी घर उद्‌ध्वस्त होतं.

निपाणी-चिकोडी रस्त्यावर उसाच्या हंगामात रात्री गाडी चालवली असेल तर तुम्हाला हे लगेच कळेल. दोन ट्रॉल्या जोडलेला, ऊस बाहेर लोंबणारा, मागं दिवा नसलेला ट्रॅक्टर. अपघात झाला की आपण अमुक कंपनीच्या ट्रॅक्टरवर बंदी घाला म्हणत नाही. रिफ्लेक्टर होता का, ट्रॉल्या किती होत्या, चालवणारा प्यायला होता का, हे विचारतो. पण त्याच वेळी स्कूटीचं लायसन्स असलेल्या पोराच्या हातात आपण उसाचा ट्रक देत नाही. जड वाहनाला वेगळं लायसन्स लागतं, कारण चूक तीच झाली तरी नुकसान वेगळं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. नावांची यादी नको, जड वाहनाचं लायसन्स हवं. अमुक वजनाच्या वरचं, ताकदीचं कुत्रं ठेवायचं तर कुंपण किती उंच, गेटला फट किती, पट्टा धरणारा माणूस सज्ञान आहे का, गर्दीत नेताना तोंडाला मुसकं आहे का, लस टोचली आहे का, हे तपासूनच परवाना द्यावा. आणि जे कुत्रं एकदा विनाकारण चावलं, त्याला जात न बघता हे सगळे नियम लावावेत, मग तो लॅब्राडोर का असेना.

ज्यांनी यादी केली, त्यांचं काय झालं?

ब्रिटननं १९९१ मध्ये कायदा करून पिटबुल, तोसा, डोगो आर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. मग यादीत न बसणारं, पण तसंच दांडगं कुत्रं अमेरिकेतून आलं आणि पैदास करणाऱ्यांनी ते वाढवलं. त्याचं नाव एक्सएल बुली. त्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली आणि फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये त्यालाही खास परवानगीशिवाय ठेवायला बंदी आली. बत्तीस वर्षांनी यादी चारवरून पाचवर गेली. नेदरलँड्सनं १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी आणली होती. चावे काही कमी होईनात, म्हणून २००८ मध्ये ती उठवायचं ठरलं. इटलीनंही २००९ मध्ये आपली यादी सोडून जबाबदारी मालकावर टाकली. डेन्मार्कनं मात्र २०१० मध्ये १३ जातींवर बंदी घातली. म्हणजे जगात एकमत नाही, हे खरं. पण यादी केली आणि प्रश्न मिटला, असं झालेलं नाही.

आपल्याकडे ओळखणार कोण?

समजा उद्या यादी पुन्हा आली. शहरात महापालिकेचा माणूस, खेड्यात ग्रामपंचायतीचा, कुत्र्याकडे बघून जात ठरवणार. आपल्याकडच्या बहुतेक 'पिटबुल'ना कागद नसतात. आई पिटबुल, बाप कोण ते मालकालाही ठाऊक नाही. रुंद डोकं, आखूड केस आणि छाती भरलेली, एवढ्यावर चांगलं गावठी कुत्रंही पिटबुल ठरेल आणि खरा पिटबुल 'मिक्स आहे साहेब' म्हणून सुटेल.

त्यात आपला सीमाभाग. पिल्लू कोल्हापुरातून येतं, गोव्यातून येतं, हुबळीहून येतं. शिनोळी आली की महाराष्ट्र, चोर्ला घाट उतरला की गोवा. एका बाजूला एक नियम आणि दुसरीकडे दुसरा असेल, तर मोटारसायकलवर पिशवीत बसलेलं पिल्लू कोण अडवणार? कुत्र्याचं वजन, गेटची उंची आणि लसीचं कार्ड या तीन गोष्टी मात्र कोणालाही तपासता येतात, त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

साखळी

नव्या वसाहतीतल्या एका प्लॉटवर मी रोज सकाळी एक रॉटवायलर बघायचो. बंगल्याचं काम अर्धवट, वॉचमन नाही, म्हणून सिमेंटची पोती राखायला कुत्रं. खांबाला साखळी, साखळीला कुत्रं. साखळी जिथवर पोचते तिथवर मातीत अर्धवर्तुळ पडलं होतं, त्यात गवताची काडी नव्हती. वर्तुळाच्या काठावर पाण्याची बादली, बरेचदा पालथी. शाळेत जाणारी पोरं त्याला खडे मारायची. मालक दोन दिवसांनी येऊन भात टाकून जायचा.

त्या कुत्र्याला पळता येत नाही, लपता येत नाही. भीती वाटली की प्राणी आधी लांब जायला बघतो. तो रस्ताच बंद असेल तर अंगावर येणं एवढंच उरतं. 'दिवसभर बांधून ठेवलं की कडक होतं, चांगली राखण करतं' ही आपल्याकडची समजूत आहे आणि ती जीवघेणी आहे. असं कुत्रं राखण करत नाही, ते सगळ्यांनाच भितं. एके दिवशी साखळीची कडी तुटते, समोर चोर नसतो, दूधवाला असतो.

हेच त्या लॅब्राडोरचं झालं होतं. दिवसभर पोर्चमध्ये बांधलेला, येणाजाणाऱ्यांचे फक्त पाय बघणारा. अचानक गेटखालून एक हात आत आला.

"मग गल्लीतल्या कुत्र्यांचं काय?"

हा प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याकडे भीती घरातल्या कुत्र्यापेक्षा रात्रीच्या झुंडीची जास्त. पण त्याचा कायदा वेगळा आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणं मोकाट कुत्र्यांना पकडून नसबंदी आणि लसीकरण करायचं आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये पिसाळलेल्या आणि हल्लेखोर कुत्र्यांना परत सोडू नका असं सांगितलं आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्टँड अशा ठिकाणची कुत्री हलवायचा आदेश दिला. जातींची यादी कितीही कडक केली तरी या कुत्र्यांना ती लागू होत नाही. त्यांना जातच नाही.

मालकाला काही शिक्षा आहे का?

आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. या कलमात जातीचा उल्लेख नाही. तक्रार करायला आपण कचरतो, कारण शेजार असतो, लग्नकार्यात तोंड बघायचं असतं. गल्लीतली माणसं एकत्र जाऊन आधी तोंडी आणि मग लेखी सांगतील, तर बरंच काही पोलिसांपर्यंत न जाता सुटतं.

चावलंच तर

त्या दिवशी आम्ही निघण्याआधी एका शेजारणीनं डबीतला चुना आणला होता, दुसरी म्हणाली मिरचीपूड भरा. काही लावू दिलं नाही. नळाखाली हात धरून साबणानं धूत राहिलो. पंधरा मिनिटं म्हणजे किती मोठा वेळ असतो, ते रडणाऱ्या मुलीचा हात धरल्यावर कळतं. पण रेबीजचा विषाणू जखमेतच असतो तोवर धुऊन टाकता येतो. एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के कुत्र्यांकडूनच येतो, आणि लस न टोचलेलं कुठलंही कुत्रं त्याला पुरतं.

पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना काळ संपला. आता सरकारी दवाखान्यात दंडावर कातडीत टोचतात, पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेली जखम असेल तर तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिद्रव्यंही भरावी लागतात, ती लस कामाला लागेपर्यंत राखण करतात. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. अडचण डोस चुकवण्याची असते. जखम भरली की तिसऱ्या डोसानंतर माणसं फिरकत नाहीत.

डॉक्टरीण बाईंनी त्या दिवशी विचारलं, किती वाजता चावलं, धुतलं का, कुत्रं कोणाचं आहे, त्याला लस आहे का, दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता येईल का. मुलीच्या आईनं आपणहून सांगितलं, "पिटबुल नव्हतं." बाईंनी मान वर न करता पुढचा प्रश्न विचारला.

अठ्ठाविसाव्या दिवशी चौथा डोस घेऊन परत येताना आम्ही त्या बंगल्यावरून आलो. गेटच्या तळाशी वेल्डिंग करून लोखंडी पत्रा लावला होता, रंग अजून दिला नव्हता. लॅब्राडोर मोकळा होता, अंगणात फिरत होता. पोरगीनं माझा हात घट्ट धरला आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालायला लागली.